सासूबाईंची सायकल आणि विमान

सासूबाईंची सायकल विमानाने नॉर्वेला न्यायची आणि ती मी न्यायची, हा निर्णय झाला तेव्हा मी घरात नव्हतो. केस कापायला गेलो होतो. परत आलो तर आमची बायको टीनेके फोन ठेवून डोळे पुसत होती. क्षणभर मला वाटलं, माझे केस बघूनच.

"आई आजसुद्धा बाहेर पडली नाही," ती म्हणाली.

ही बातमी ज्याला साधी वाटेल त्याने सासूबाईंना आमच्या झ्वोले गावात पाहिलेलं नाही. वय ऐंशी. पाव आणायला सायकल, चर्चमधल्या गाण्याच्या तालमीला सायकल, सासऱ्यांच्या थडग्यावरची फुलं बदलायला सायकल, आणि एवढं करून वेळ उरला तर आमच्याकडे येऊन मी खिडक्या किती वाईट पुसतो ते सांगायलाही सायकल. पाऊस, वारा, बर्फ, कशाचं म्हणून सोयरसुतक नाही. गेल्या पानगळीत त्या घसरून पडल्या. सायकलवरून नव्हे, न्हाणीघरात. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, घर विकलं आणि थोरली मुलगी विल्मा त्यांना आपल्याकडे नॉर्वेला घेऊन गेली. हाड नीट जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता हिंडाफिरायला लागा. सासूबाई म्हणाल्या, "कुठे जाऊ?" आणि खिडकीशी बसल्या त्या बसल्याच. पाच महिने झाले. त्या दिवशी डॉक्टरांनी विल्माला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आई अशीच बसून राहिली तर उन्हाळ्यापर्यंत पाय कामातून जातील आणि मग चाकांच्या खुर्चीशिवाय इलाज नाही.

"विल्मा तिला रोज म्हणते, चार पावलं चालून ये," टीनेके म्हणाली. "आई चालत कधी कुठे गेलीय? आई सायकलवरून जाते. तिची सायकल आपल्या शेडमध्ये, ती तिकडे, आणि वर सगळे विचारतात बाहेर का पडत नाही! एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात येऊ नये?"

"नॉर्वेत सायकली मिळत असतील की," मी म्हणालो.

टीनेकेने माझ्याकडे पाहिलं. "नवरेसुद्धा मिळतात. म्हणून मी बदलला का?"

टीनेके शिकवते ती शाळा चालू होती, मला रजा शिल्लक होती. आमच्या कालवे खात्यात मी सत्तावीस वर्षं बांधांच्या उताराची तपासणी करतो. गवत योग्य उंचीचं आहे की नाही ते पट्टी लावून पाहतो. अशा माणसाला एक सायकल विमानात चढवता येऊ नये, असं मलाही वाटलं नाही.

सायकलीविषयी थोडं सांगतो. काळी, बायकांची, आडवा दांडा नसलेली. हँडल इतकं उंच की चालवणारा आपोआप ताठ बसतो आणि जगाकडे वरून पाहतो. पुढे लाकडी खोका, मागे जाळी, गिअर नाही, ब्रेक म्हणजे पॅडल उलट मारायचं. एक्केचाळीस वर्षं वापरातली. वजन तरण्या वासराएवढं. मागच्या चाकाला आमच्याकडे सगळ्याच सायकलींना असतं तसं गोल कुलूप. उघडं असेल तोवर किल्ली त्यात अडकून राहते, लावलं की किल्ली हातात येते. आमच्या देशात पोर उभं राहायला शिकतं आणि पुढच्याच आठवड्यात हे कुलूप लावायला शिकतं.

पहिली अडचण विमान कंपनीच्या फोनवरच उभी राहिली. फोनवरचा माणूस गोड बोलणारा होता, आणि गोड बोलणारी माणसं कधी काम करत नाहीत हा माझा अनुभव.

"सायकल खेळाच्या सामानात धरतो आम्ही," तो म्हणाला. "कुठला खेळ, तेवढं सांगा."

"खेळ नाही. सायकल आहे."

"हो, पण रकाना आहे. शर्यत, डोंगरातली सायकल, की तीन खेळांची ती स्पर्धा असते ती?"

"माझ्या सासूबाई तिच्यावरून पाव आणायच्या."

मला त्याच्या बोटांचा टकटक आवाज ऐकू येत होता. "पाव यात नाहीये," तो म्हणाला.

आता माझा पारा चढला. सरकारी माणसाला खोटं लिहायला सांगणं म्हणजे काय! आमच्याकडे सायकल हा खेळ असेल तर पायमोजे घालणं हाही खेळ आहे. वीस मिनिटं हुज्जत झाली. शेवटी त्याने 'शर्यत' लिहिलं, मी निषेध नोंदवला, आणि तो म्हणाला की निषेधाला रकाना नाही. सायकल नीट बांधून आणा, पॅडल काढा, हँडल वळवा, हवा सोडा, एवढं सांगून त्याने माझा दिवस सुखाचा जावो अशी इच्छा व्यक्त केली.

विमान शनिवारचं. त्याआधीच्या बुधवारी टीनेकेचा वाढदिवस आला, आणि इथून माझे ग्रह फिरले.

आमच्याकडचा वाढदिवस म्हणजे बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून खुर्च्यांचं एक वर्तुळ. येणारा प्रत्येक जण वर्तुळातल्या प्रत्येकाशी हात मिळवतो. नवऱ्याला बायकोच्या वाढदिवसाचं अभिनंदन, शेजाऱ्याला शेजारणीच्या वाढदिवसाचं अभिनंदन. मग जी खुर्ची मिळेल तिच्यात बसायचं, ते निघेपर्यंत. एक कप कॉफी, केकचा एक तुकडा. दुसरा तुकडा मागणारा माणूस आमच्या गल्लीत अजून जन्माला यायचाय. आता या वर्तुळात एखादा विषय पडला की तो फिरतो, आणि सुटायला वाट नसते.

विषय पडला सायकलीचा.

"पॅडल काढलीस का?" कोबुसने विचारलं. कोबुस म्हणजे शेजारच्या घरातला निवृत्त सुतार. ज्या कामाला तो हात लावतो ते काम मोठं होतं.

"नाही अजून."

"डावं पॅडल उलटं फिरतं हं. सगळ्या जगाला वाटतं सुलटं फिरतं."

"मला माहीत आहे."

"तसं सगळेच म्हणतात."

"पुठ्ठ्याचं खोकं आण सायकलच्या दुकानातून," समोरच्या घरातली रिया म्हणाली. "माझ्या भाच्याने नेली होती. सायकल पोचली, भाचा तीन दिवसांनी पोचला."

"खोक्यात वर कांदे ठेव," सासूबाईंच्या तालमीतल्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. का ते कुणी विचारलं नाही. मी अजून मनाशी विचारतोय.

खोकं मी आणलंच होतं. पण ते शर्यतीच्या सायकलीचं. सासूबाईंची सायकल त्यात कमरेपर्यंत जायची आणि हँडल बाहेर काढून उभी राहायची. वळवावं म्हटलं तर ते एक्केचाळीस वर्षांत हललं नव्हतं. म्हणून मी दुसरं खोकं आणून पहिल्याला चिकटपट्टीने जोडलं होतं. हे सगळं मी वरच्या मजल्यावरच्या खोलीत केलं, कारण खाली दोन दिवस आधीपासून वर्तुळ मांडलेलं. नुसती सायकल वाकडीतिकडी करत कोबुस आणि मी वर नेली होती. आता ती खोक्यात बसली होती, आणि खोकं कपाटाएवढं झालं होतं. आणि आमचा जिना म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडी, तिला जिना म्हणतो आम्ही कौतुकाने.

"मग ती खाली कशी आणणार?" रियाने विचारलं.

सगळं वर्तुळ माझ्याकडे बघायला लागलं. खरं सांगतो, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता. बांधांचे उतार मोजणाऱ्या माणसाला आपल्याच जिन्याचा उतार दिसू नये, यासारखी नामुष्की नाही.

"खिडकीतून," कोबुस म्हणाला आणि उठला. वर्तुळातून कोणी मध्येच उठणं हीच मोठी घटना होती.

आमच्या जुन्या घराच्या कपाळावर लोखंडी आकडा आहे. पलंग, कपाटं, आजोबांचा पियानो, सगळं दोरीने त्यावरूनच वर गेलेलं. त्यामुळे कल्पना वेडगळ नव्हती, एवढं माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. कोबुसने दोरी आणली, आकड्यावरून घेतली. खोकं खिडकीत आडवं केलं. खाली रस्त्यावर वाढदिवसाचे पाहुणे एका हातात कप आणि दुसऱ्या हातात दोरी धरून ओळीने उभे राहिले. टीनेके दारात उभी राहून नुसतीच बघत होती. ती काहीच बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

"सोडा हळूहळू!" कोबुस ओरडला.

खोकं खिडकीबाहेर गेलं, हवेत लोंबकळलं, स्वतःभोवती एक फेरी मारली आणि चिकटपट्टी फाटली. मग फार शांतपणे, घाई न करता, सासूबाईंची सायकल खोक्याच्या बुडातून बाहेर आली आणि आमच्या फुलांच्या वाफ्यात पडली. पडताना घंटा वाजली. रिकामं खोकं वरच राहिलं. खालच्या मंडळींनी दोरी मात्र प्रामाणिकपणे धरून ठेवली होती, कारण कुणी सोडा म्हणालं नव्हतं.

सायकलीला ओरखडासुद्धा नाही. वाफ्याचं मात्र काही खरं नव्हतं.

"हँडल फिरलं बघ," कोबुस वाकून बघत म्हणाला. "पडल्यामुळे मोकळं झालं. आता एका खोक्यात मावेल."

एव्हाना दोन्ही खोक्यांचा चुराडा झालेला. मी पुन्हा त्या गोड माणसाला फोन लावला. खोकंच लागतं का हो? नाही, तो म्हणाला, जाड प्लास्टिकची पारदर्शक पिशवी असली तरी चालते, विमानतळावर चढवायची, तोवर सायकल ढकलत आणा.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

शनिवारी सकाळी मी आणि टीनेके सायकल घेऊन आगगाडीने विमानतळावर निघालो. ती पोचवायला येणार म्हणून हट्टच धरून बसली होती. वाटभर सूचना. हवा सोडायला विसरू नकोस, पॅडल पिशवीत आहेत, पंप पिशवीत आहे, पारपत्र दाखव बघू, आईला एकदम सांगू नकोस, तिला आश्चर्याचा धक्का दे पण फार मोठा नको, वय झालंय. मी प्रत्येक गोष्टीला हो म्हणालो. माझ्या विसरभोळेपणाबद्दल तिचं मत जुनं आहे.

विमानतळावर मी मोठ्या सामानाची खिडकी कुठे ते विचारायला गेलो. ती सायकलीपाशी थांबली. मी परत आलो, तिने रीतीप्रमाणे तीन पापे घेतले, "आई उठली पाहिजे, हार्मेन," असं म्हणाली, तिचा आवाज जरासा फाटला, आणि पुढच्या गाडीसाठी ती पळाली.

मी सायकल ढकलली. ती हलेना.

खाली वाकून पाहिलं तर मागच्या चाकाला कुलूप. किल्ली नाही.

काय घडलं ते समजायला मला विचार करावा लागला नाही. मी गेल्यावर ती दोन मिनिटं स्वच्छतागृहात गेली असणार. आणि आमच्याकडचं माणूस सायकल सोडून दोन पावलं गेलं तरी हात आपोआप खाली जातो, कुलूप लागतं, किल्ली खिशात. यात डोक्याचा काही संबंध नसतो. देवाच्या दारात सायकल लावली तरी आम्ही कुलूप लावू.

मी फोन लावला. तिने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. मग निरोप आला: 'शांत डब्यात आहे.' आगगाडीत एक डबा न बोलणाऱ्यांचा असतो, आणि आमची बायको नेमकी त्यातच बसते. तिथे कुणी कुजबुजलं तरी ती वळून काचेवरच्या पाटीकडे बोट दाखवते. ती स्वतः तिथे फोन घेईल ही आशा व्यर्थ. मी लिहिलं: 'सायकलची किल्ली तुझ्याकडे आहे का?' बऱ्याच वेळाने उत्तर आलं: 'हो. खिशात. काळजी करू नकोस, नीट आहे.'

मी कपाळावर हात मारून घेतला. विमानाला तासाभराहून थोडा जास्त वेळ होता. किल्ली झ्वोलेच्या दिशेने शांतपणे चालली होती.

मग उरलं काय? मागचं चाक उचलून, पुढच्या चाकावर सायकल ढकलत मी निघालो. दर वीस पावलांवर थांबायचं, हात बदलायचा. माझ्या लक्षात आलं नाही ते एवढंच की आमच्या देशात कुलूपबंद बायकांची सायकल, मागचं चाक उचलून, घाम गाळत, इकडेतिकडे बघत कोण नेतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

पहिल्यांदा एका बाईने थांबून सायकल नीट निरखली. तिची नव्हती, म्हणून ती पुढे गेली, पण नाराज होऊन. मग एक गृहस्थ म्हणाले, "लाज वाटायला पाहिजे." मग समोर पोलीसबाई उभ्या राहिल्या. माझ्याहून हातभर उंच.

"सायकल तुमची का साहेब?"

आता इथे हो म्हणायचं. पण प्रामाणिक माणूस संकटात आणखी प्रामाणिक होतो. "नाही," मी म्हणालो.

"मग कुणाची?"

"सासूबाईंची."

"त्यांना ठाऊक आहे?"

"नाही. म्हणजे, त्यांना धक्का द्यायचाय."

"किल्ली?"

"बायकोकडे."

"बायको कुठे आहे?"

"शांत डब्यात."

पोलीसबाईंनी वही काढली. "साहेब, माझ्या स्वतःच्या चार सायकली चोरीला गेल्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "चौथी माझ्या आईने दिलेली होती."

भोवती माणसं जमली. आमच्याकडे सायकल चोरीला न गेलेला माणूस सापडत नाही, तेव्हा प्रत्येकाचं माझ्याशी वैयक्तिक भांडण होतं. एकाने मी दाखवलेल्या कालवे खात्याच्या ओळखपत्राचा फोटो काढला. सत्तावीस वर्षांत कुणाच्या गवताची एक काडी मी विनाकारण कापवली नाही, हे मी सांगितलं. कुणावरही परिणाम झाला नाही.

"सासूबाईंना फोन लावा," पोलीसबाई म्हणाल्या. "मी बोलते. सगळ्यांना ऐकू येईल असा."

गेलाच तो धक्का. लावला फोन. विल्माने उचलला, तिला काही कळलं नाही, तिने तो सासूबाईंना दिला.

"बाई, एक काळी सायकल, पुढे लाकडी खोका, ही तुमची का?"

"माझी सायकल झ्वोलेत शेडमध्ये आहे," सासूबाईंचा खणखणीत आवाज सगळ्या दालनात गेला.

गर्दीतून एक हुंकार आला.

"ती इथे विमानतळावर आहे बाई. एका माणसाकडे. नाव हार्मेन बाउस्मा सांगतो."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "कुलूप लावलंय का?"

"लावलंय. त्यांना उघडता येत नाहीये."

"मग तो हार्मेनच," सासूबाई म्हणाल्या. "सोडा त्याला. चोर असता तर कधीच उघडलं असतं."

गर्दी हसली. पोलीसबाईसुद्धा हसल्या, आणि वही मिटली. इतकंच नाही, मागचं चाक त्यांनी एका हाताने उचललं आणि मोठ्या सामानाच्या खिडकीपर्यंत सायकल आणून दिली. मला सोडवलं सासूबाईंनीच, हे मान्य. पण सुटण्याची ती पद्धत माणसाला विमानात बसेपर्यंत चावत राहते. मी हवा सोडली, हँडल वळवलं, पिशवी चढवली, त्यांनी पावती चिकटवली. पावतीवर लिहिलं होतं: शर्यत.

नॉर्वेत विल्माचा नवरा ओडवार न्यायला आला होता. ओडवार दिवसाला चार-पाच शब्द वापरतो. त्याने सायकल पाहिली, कुलूप पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हं," म्हणाला. त्यातला एक शब्द संपला.

वाटेत मी मनाशी शब्द जुळवत होतो. टीनेके सोमवारी किल्ली टपालाने पाठवणार, ती चार-पाच दिवसांत येईल, तोवर सायकल अंगणात उभी करून ठेवू, आई नुसतं बघतील तरी. पण खरी भीती वेगळी होती आणि ती मी कुणाला बोललो नव्हतो. समजा किल्ली आली, कुलूप उघडलं, आणि सासूबाई खिडकीजवळून उठल्याच नाहीत तर? मग टीनेकेला फोन करून काय सांगू? आजवर सगळ्यांना निदान सायकल नाही एवढं कारण तरी होतं.

घर डोंगराच्या पोटावर. दारापासून रस्ता सरळ खाली बंदरापर्यंत उतरतो. आमच्या बाजूला असा उतार असता तर आमच्या खात्याने तो केव्हाच बंद केला असता.

सासूबाई खिडकीशी नव्हत्या. त्या दारातल्या बाकावर बसल्या होत्या. अंगात कोट, पायात बूट, डोक्याला रुमाल, मांडीवर पर्स.

"फोन आल्यापासून अशीच बसलीय," विल्मा माझ्या कानाशी लागून म्हणाली. "जेवलीसुद्धा कोटातच."

मी आणि ओडवारने सायकल खाली घेतली, पिशवी काढली. सासूबाई उठल्या. हळूहळू उठल्या, बाकाची पाठ धरून, पण उठल्या. सायकलीभोवती एक फेरी मारली. खोक्याला हात लावला, घंटा एकदा वाजवली.

"माती लागलीय," त्या म्हणाल्या.

"आई, एक सांगायचंय," मी सुरुवात केली. "टीनेकेने विमानतळावर चुकून कुलूप लावलं. किल्ली तिच्याकडे राहिली. पाठवतेय ती. चार-पाच दिवस लागतील."

सासूबाईंनी पर्स उघडली. आतलं छोटं पाकीट काढलं, त्याची चेन ओढली, त्याच्याही आतून तांबडी लोकर बांधलेली एक किल्ली काढली.

"दुसरी," त्या म्हणाल्या.

विल्मा बघतच राहिली. "आई! ही तू इकडे घेऊन आली होतीस?"

"मग काय करू? घर विकलं. सायकल यांच्या शेडमध्ये. किल्ली तरी माझ्याजवळ नको?"

"पण पाच महिने... तू एकदा तरी म्हणायचं, मला सायकल हवी."

"तुमच्या मागे कामं असतात," सासूबाई म्हणाल्या, आणि कुलपाशी वाकायला लागल्या. त्यांना वाकता येईना, म्हणून ओडवारने किल्ली घेतली. कुलूप उघडलं तसा त्याने रुमाल काढून जोरात नाक शिंकरलं. इतक्या वेळा मी त्या घरी फोन केला होता, तब्येत कशी, हवा कशी, आणि एकदाही हे विचारलं नव्हतं. मी मुकाट्याने पॅडल बसवायला घेतली. डावं उलटं. हँडल सरळ केलं, दोन्ही चाकांत हवा भरली. सासूबाई पूर्ण वेळ शेजारी उभ्या होत्या. आधाराशिवाय.

"आई, उतार फार आहे हं," मी म्हणालो. "आज नुसतं अंगणात..."

"माहितेय मला उतार," त्या म्हणाल्या. "पाच महिने तोच बघतेय."

मी मागची जाळी धरली. ओडवारने हँडल धरलं. विल्मा म्हणाली, "थांब, मी कोट घालून येते, आपण दोघी बरोबर जाऊ," आणि आत गेली. सासूबाईंनी पर्स लाकडी खोक्यात ठेवली, एक पाय पलीकडे टाकला, सीटवर बसल्या. पाठ ताठ झाली. मग त्यांनी वळून माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी जाळी सोडली. ओडवारने आपणहून सोडलं.

त्या निघाल्या. पहिल्या दहा हातांत सायकल जरा डुगडुगली. मग त्यांनी पॅडल उलटं मारलं, वेग धरला, पुन्हा उलटं मारलं, आणि उतारावरून सरळ रेषेत, मान वर करून, खाली बंदराकडे गेल्या. कोपऱ्यावर घंटा वाजवली. समोर कुणीही नव्हतं. मग वळल्या आणि दिसेनाशा झाल्या.

विल्मा कोटाची बटणं लावत बाहेर आली. "आई कुठाय?"

"गेली," ओडवार म्हणाला.

विल्मा धावत उतार उतरायला लागली आणि तिच्यामागे ओडवार गाडी काढायला गेला. मी तेलकट हातांनी अंगणात उभा, तेवढ्यात टीनेकेचा फोन आला. किल्लीबद्दल मी काय काय बोलणार ते ऐकायच्या तयारीनेच तिने तो केला असणार, कारण तिने मला तोंडच उघडू दिलं नाही.

"माझी चूक झाली, मान्य, आता पुन्हा पुन्हा ऐकवू नकोस. आईकडे दे फोन."

"आई घरात नाहीत."

"नाहीत म्हणजे? झोपलीय?"

"बाहेर गेल्यात."

मला वाटलं फोन तुटला. "टीनेके?"

"कुठे गेली?" तिचा आवाज ओला झाला होता.

"विचारायच्या आत गेल्या. विल्मा मागून धावतेय."

"तिला सांग धावू नकोस म्हणून," आमची बायको रडत म्हणाली. "जाऊ दे आईला."